‘स्क्रूचा दात’ बसवण्यापूर्वी

दात पडला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. पहिली म्हणतात, ‘वय झालं, आता दातांचं काय करायचंय?’ आणि उरलेल्या दातांवर दिवस काढतात. दुसरी शेजाऱ्याने बसवला म्हणून ‘मलाही उद्याच स्क्रूचा दात बसवून द्या’ म्हणत दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसतात. दोन्ही टोके बरी नाहीत. मी दंतवैद्य नाही. परंतु दात बसवायला निघालेला रुग्ण वाटेत बहुधा आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे डोकावतो. त्याच्या शंकांचा संबंध मधुमेह, तंबाखू आणि चालू औषधांशी असतो. म्हणून आज हा विषय.

दात गेल्याने बिघडते काय?

पुढचा दात गेला तर लोकांना दिसतो, त्यामुळे आपण लगेच धावतो. दाढ गेली तर कोणाला दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते. मग चावण्याचा सगळा भार एका बाजूवर येतो. रिकाम्या जागेकडे शेजारचा दात कलतो, समोरचा दात त्या जागेत उतरू लागतो आणि फटींत अन्न अडकते. अनेक दाढा गेल्या की जेवण बदलते. भाकरी, शेंगदाणे, काकडी, मोड आलेली कडधान्ये ताटातून जातात. चहात बुडवलेले बिस्किट आणि पाव येतो. मधुमेही माणसाला हा बदल महागात पडतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड दात गेल्यावर झिजू लागते. दाढ काढल्यानंतर वर्षभरात तेथील हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन-चार महिन्यांतच होते. म्हणून दात काढायचा ठरला की त्याच वेळी ‘पुढे या जागेचे काय करायचे?’ हे दंतवैद्याला विचारावे. अक्कलदाढ मात्र गेली तर पुन्हा बसवण्याची सहसा गरज नसते.

इम्प्लांट म्हणजे काय?

स्वीडनमधील डॉ. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूचे उपकरण बसवून प्रयोग करत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण निघेना. हाड धातूला घट्ट चिकटून बसले होते. या गुणाचा उपयोग करून त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. आजचे दंतरोपण, म्हणजे इम्प्लांट, याच तत्त्वावर चालते.

त्याचे तीन भाग असतात : हाडात बसणारा स्क्रू, त्यावरचा जोड आणि वर दिसणारी कॅप. स्क्रू जागेवरच भूल देऊन बसवतात. त्यानंतर हाड त्याच्याशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि मग कॅप बसते. काही निवडक रुग्णांत दात लवकर देता येतो, पण तो निर्णय हाड पाहून घ्यायचा असतो. लग्नाची तारीख पाहून नव्हे.

प्रत्येकाला इम्प्लांटच हवे असे नाही. शेजारचे दात आधीच कॅप लावण्याजोगे असतील तर ब्रिज चांगला. मात्र शेजारचे दात निरोगी असतील तर ब्रिजसाठी ते घासावे लागतात, हा त्याचा तोटा. सगळे दात गेलेल्यांना कवळी आहेच. पण खालची कवळी हलते, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. त्यासाठी बत्तीस स्क्रू लागत नाहीत!

लपवू नये असे काही

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त एसटी कर्मचाऱ्यांनी, ‘नाही म्हणतील’ या भीतीने, आपला मधुमेह दंतवैद्यांना सांगितलाच नाही. दोन महिन्यांत हिरडी सुजली, स्क्रू हलू लागला आणि काढावा लागला. पैसे गेले, त्रास झाला तो वेगळाच. पुढे आठ महिने त्यांनी साखर ताब्यात ठेवली, तंबाखू सोडली, मग पुन्हा स्क्रू बसवला. तो टिकला आहे. म्हणजे मधुमेह असणे ही अडचण नव्हती. तो बेताल असणे आणि लपवणे ही अडचण होती.

म्हणून या गोष्टी दंतवैद्यांना न विचारताही सांगाव्यात :

मधुमेह – तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून न्यावी. आकडा ७ च्या आसपास असेल तर उत्तम. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणणे शहाणपणाचे.

तंबाखू, विडी, मिश्री – धूम्रपानाने जखम उशिरा भरते आणि स्क्रू निकामी होण्याचा धोका वाढतो. तंबाखू आणि मिश्री हिरड्यांचे नुकसान करतात. गुटखा-सुपारीने ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यांच्या तोंडात हत्यारेच नीट जात नाहीत. शिवाय तो कर्करोगापूर्वीचा आजार असू शकतो. त्याची तपासणी आधी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या – हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर या गोळ्या चालू असतात. त्या परस्पर बंद करू नयेत. दातासाठी गोळी थांबवून जिवावर बेतू शकते. काय करायचे ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावे.

हाडे ठिसूळ होण्यावरील औषधे – आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन रुग्ण विसरून जातात. यांतील काही औषधांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका क्वचित संभवतो. तोंडाला किंवा मानेला किरणोपचार झाले असतील तर तेही सांगावे.

जबड्याची वाढ पूर्ण न झालेल्या मुलामुलींना इम्प्लांट बसवत नाहीत. वाढीची किमान मर्यादा असते, म्हातारपणाची नाही. प्रकृती ठीक असेल तर सत्तरीतही ते बसवता येते.

खर्च आणि निगा

खर्च मोठा असतो. ‘स्क्रू, जोड, कॅप आणि लागल्यास हाड भरणे, हे सगळे धरून किती?’ असे आधीच लेखी विचारावे. स्क्रूच्या कंपनीचे नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे. पुढे दुसऱ्या गावी दुरुस्तीची वेळ आली तर तेच उपयोगी पडते. परवडत नसेल तर कर्ज काढू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत इतर पर्यायांची चौकशी करावी. चांगली बसलेली कवळी हा कमीपणा नाही.

धातूला कीड लागत नाही, म्हणून घासायचे कारण नाही, हा मोठा गैरसमज आहे. स्क्रूभोवतीच्या हिरडीत पू होऊन हाड झिजू शकते, आणि त्या वेळी दुखेलच असे नाही. दिवसातून दोनदा ब्रश, फटींसाठी लहान ब्रश किंवा दोरा, आणि सहा महिन्यांनी तपासणी हे पाळावे. घासताना रक्त येऊ लागले तर तारखेची वाट न पाहता दाखवावे. नीट निगा राखली तर बहुतेक इम्प्लांट दहा वर्षांहून अधिक काळ टिकतात.

दंतवैद्याकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि अलीकडचा साखरेचा रिपोर्ट एवढे दोन कागद खिशात ठेवा.