संगणकाच्या लहान व मोठ्या भाषा

संगणकाची भाषा लहान की मोठी, हे तिच्या राखीव शब्दांवरून ठरविण्याची पद्धत आहे. १९८९ च्या प्रमाणित ‘सी’ मध्ये असे शब्द ३२, तर आजच्या पायथॉनमध्ये ३५ आहेत. फरक नगण्य दिसतो. खरा फरक भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीत आहे. ‘सी’ मध्ये साधे प्रिंटएफ सुद्धा भाषेचा भाग नसून लायब्ररीतून येते.

लहान भाषा लोकप्रिय होतेच असे नाही. निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल ही भाषा मुख्यतः शिकविण्यासाठी तयार केली. ती नेटकी होती. परंतु मूळ पास्कलमध्ये ॲरेची लांबी त्याच्या प्रकारातच बांधलेली असे. दहा संख्यांसाठी लिहिलेली प्रोसीजर वीस संख्यांना चालत नसे. मग प्रत्येक उत्पादकाने आपापली भर घातली व एकाची पास्कल दुसऱ्याला परकी झाली. उलट, आयबीएमची पीएल/वन ही १९६० च्या दशकातील अवाढव्य भाषाही मागे पडली. डेनिस रिची यांची ‘सी’ टिकली, कारण ती युनिक्सबरोबर घरोघरी नव्हे, तरी प्रयोगशाळोप्रयोगशाळी पोहोचली.

मात्र ‘सी’ चे लहानपण फुकटचे नाही. पूर्णांकाला किती जागा द्यावी, हे ती बरेचसे कंपायलरवर सोपविते. टर्बो सी वर २०० गुणिले २०० चे उत्तर ‘इंट’ मध्ये उणे २५५३६ येते, कारण तेथे कमाल मर्यादा ३२७६७ आहे. आजच्या जीसीसीवर तेच उत्तर ४०००० येते. पायथॉनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागात मराठी, उर्दू वा कन्नड माध्यमातून आलेला विद्यार्थी ३२ शब्द आठवड्याभरात पाठ करतो. त्याची दमछाक होते ती लायब्ररीतील इंग्रजी नावांनी आणि चूक झाल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या इंग्रजी संदेशांनी. त्या दृष्टीने त्याच्यासाठी ‘लहान’ भाषा कोणती, हे राखीव शब्दांची यादी सांगू शकत नाही. वर्गात मुद्दाम अर्धविराम गाळून येणारा संदेश फळ्यावर लिहावा, त्याचा अर्थ विद्यार्थ्याच्या भाषेत उलगडावा. पुढचा संदेश तो स्वतः वाचू लागतो.