रक्तस्राव थांबला, पण कशामुळे?

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांच्या आतड्यातून वारंवार रक्तस्राव होतो. आतड्याच्या अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या फुगून नाजूक होतात. या दोषाला अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. त्यातच रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे रक्तबिंबिका एकमेकींना नीट चिकटत नाहीत. शिवाय यंत्रात रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन द्यावे लागते. आधीच रक्तक्षय असलेल्या रुग्णाला मग पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागते.

१९८६ मध्ये इटलीतील संशोधकांनी मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना इस्ट्रोजेन हे संप्रेरक दिले. वजनाच्या दर किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, असे पाच दिवस शिरेतून. जखमेतील रक्त थांबण्यास लागणारा वेळ घटला आणि हा परिणाम औषध बंद केल्यावरही काही दिवस टिकला. त्याच वर्षी, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन एकत्र दिल्यास आतड्यातील रक्तस्राव कमी होतो, असेही एका अभ्यासातून पुढे आले. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

इथेच खरी मेख आहे. हा रक्तस्राव मुळात लहरी असतो. तो आपोआप थांबतो आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू होतो. रुग्णाला औषध देतात ते रक्तस्राव ऐन भरात असताना. त्यानंतर तो ओसरला, तर श्रेय औषधाला जाते.

म्हणून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला स्पेनमधील प्रयोग महत्त्वाचा ठरतो. त्यात अँजिओडिस्प्लेशियाच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला संप्रेरके, तर दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या किमान वर्षभर दिल्या. उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण अनुक्रमे ३९ व ४६ टक्के होते. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. हा प्रयोग खास डायलिसिसच्या रुग्णांवरचा नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

संप्रेरके निरुपद्रवी नसतात. त्यांनी शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पुरुषांची छाती वाढू शकते. त्यामुळे आज दुर्बिणीतून रक्तवाहिन्या डागणे आणि रक्तक्षयावर उपचार करणे यांवर भर असतो. तांबड्या पेशी वाढल्या की त्या रक्तबिंबिकांना वाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात व रक्त थांबण्यास मदत होते.

‘औषध घेतले आणि बरे वाटले’ असे वर्गात कोणी सांगितले, तर विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: औषध न घेतलेल्यांचे काय झाले?