बाळ रडले, पण निळेच राहिले!

पनवेल तालुक्यातल्या सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बंधूंनो, बाळ निळे दिसले की घरात कुणी म्हणतो गार लागले, कुणी दृष्ट काढायला बसतो. दोन्हीत वेळ जातो.

हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. सगळेच गंभीर नसतात. पण जन्मताच बाळ श्वास घेत नसेल, तर हृदय तपासत बसायचे नाही. बाळ पुसून कोरडे करायचे आणि पहिल्या मिनिटातच नर्सबाईंनी अंबू बॅगने हवा द्यायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते. सिलिंडर नाही म्हणून अडून राहू नये.

खरी फसगत पुढे होते. बाळ रडते, श्वासही नीट, पण जीभ-ओठ निळेच. ऑक्सिजन लावूनही फारसा फरक नाही. इथे हृदयाचा संशय घ्यावा. (नुसते हातपाय पहिल्या दिवशी निळसर असले तर घाबरू नका.)

पोटात असताना बाळाची फुप्फुसे कामाला नसतात. रक्त हृदयाजवळच्या एका नळीतून वळते. खाजणातल्या उघाडीसारखीच ती समजा. जन्मानंतर एक-दोन दिवसांत ती मिटू लागते. काही सदोष हृदयांचा सारा भार या उघाडीवरच असतो. मग घरी आलेले चांगले बाळ तिसऱ्या दिवशी दूध सोडते, राखाडी पडते. प्रोस्टाग्लॅंडिनच्या सलाईनने नळी उघडी ठेवता येते. मात्र या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून नेताना अंबू बॅग आणि ती वापरणारा माणूस गाडीत हवाच. जादा ऑक्सिजननेही नळी मिटायला मदत होते, तेव्हा तो किती द्यायचा हे डॉक्टरच ठरवतील.

बाळाला २४ तास झाले की घरी सोडण्याआधी उजवा हात आणि एका पायावर पल्स ऑक्सिमीटर लावून घ्या. आकडा ९० च्या खाली आला तर ताबडतोब हृदयाची सोनोग्राफी. मोठ्यांचा बोटाचा चिमटा चालत नाही, बाळाच्या तळव्याला गुंडाळायची पट्टी लागते. आपल्या आरोग्य केंद्रात ती आहे का, सरपंचांनी जाऊन बघावे.

पैशाची चिंता? याच तालुक्यात खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हृदयदोष येतो, आशाताईंना विचारा.

बाळ निळे दिसले की १०८ ला फोन करा. श्वास नीट चालू असेल तर गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी घाला, नाक-तोंड मोकळे ठेवा.