बॉस बावीस मिनिटं लांब आहे!

दर दहा मिनिटांनी डेस्कपाशी येऊन 'कुठवर आलंय?' विचारणारा बॉस कुणालाच नको असतो. मंगळावर काम करणाऱ्या रोबोला तर असा बॉस मिळूच शकत नाही. पृथ्वीवरून निघालेला रेडिओ संदेश तिथे पोहोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. दोन ग्रहांमधलं अंतर बदलतं तसा हा वेळही बदलतो. उत्तर यायला पुन्हा तेवढाच वेळ. समोर खड्डा दिसला आणि रोबोनं 'थांबू का?' असं विचारलं, तर उत्तर येईपर्यंत गाडी खड्ड्यात!

चंद्राची गोष्ट वेगळी. तिथे संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरला ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा दिसला. इस्रोच्या टीमनं त्याला मागे फिरायला सांगितलं आणि २६ किलोचं प्रज्ञान नव्या वाटेला लागलं. मंगळावर हा निर्णय यंत्रानंच घ्यायचा असतो.

पण यंत्राला हे शिकवणं सोपं नव्हतं. नासाचे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हर जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले. तिथला दिवस आपल्यापेक्षा साधारण ४० मिनिटांनी मोठा. त्यामुळे सुरुवातीला टीमची शिफ्ट रोज ४० मिनिटं पुढे सरकायची. (नाइट शिफ्टवाल्यांनो, कल्पना करा!) दिवसभराच्या कामाची यादी एकदम पाठवायची आणि रिपोर्टची वाट बघायची, असा सगळा कारभार.

एप्रिल २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी वाळूच्या ढिगात रुतला. चाकं फिरत होती, गाडी मात्र जागच्या जागी. त्याला बाहेर काढायला महिन्याहून जास्त वेळ लागला. २००९ मध्ये स्पिरिट असाच अडकला आणि तो सुटलाच नाही. चाकांचे फेरे मोजून भागत नाही, हे यातून पक्कं झालं. आपण खरंच पुढे सरकतोय का, हे रोव्हरनं वाटेतले फोटो ताडून स्वतः तपासायला हवं, आणि घसरत असेल तर थांबायलाही हवं.

२०१६ पासून क्युरिऑसिटी रोव्हर लेझर कुठल्या दगडावर मारायचा हे काही वेळा स्वतःच निवडू लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेला पर्सिव्हिअरन्स तर आणखी स्मार्ट. थांबून विचार, मग चार पावलं, असं न करता तो चालता चालताच वाट शोधतो. पहिल्या मंगळवर्षात तो जवळपास १८ किलोमीटर चालला. त्यातलं ८८ टक्के अंतर त्यानं स्वतःच्या नजरेनं वाट जोखत कापलं.

मग माणसाची गरज संपली? मुळीच नाही. पर्सिव्हिअरन्सबरोबर गेलेलं इन्जेन्युइटी हे १.८ किलोचं हेलिकॉप्टर पाच चाचणी उड्डाणांसाठी बनवलेलं होतं; त्यानं ७२ केली. तेही स्वतःच, कारण इतक्या लांबून जॉयस्टिक चालणारच नाही. जमिनीवरच्या खुणा कॅमेऱ्यानं टिपत ते स्वतःची जागा ओळखायचं. १८ जानेवारी २०२४ च्या शेवटच्या उड्डाणात खाली फक्त एकसारखी वाळू होती. ओळखायला खूणच नाही! अंदाज चुकला, उतरताना पाती तुटली. यंत्राची अक्कल त्याला काय दिसतं त्यावर अवलंबून असते, हा त्यातला धडा.

त्यामुळे कुठे जायचं, काय शोधायचं आणि कशासाठी, हे अजून माणूसच ठरवतो. पाऊल कुठे टाकायचं हे यंत्राकडे. ही रेघ मात्र दर मोहिमेत थोडी सरकते. नासाची ड्रॅगनफ्लाय मोहीम शनीच्या टायटन या चंद्रावर रोटरवर उडणारा रोबो नेणार आहे. तिथपर्यंत एक संदेश पोहोचायलाच तासाहून जास्त वेळ लागेल. तेव्हा बॉसनं विश्वास टाकण्याशिवाय पर्याय नाही!