आईच्या तिकिटावर आईचा नंबर

कल्याण पूर्वेला राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एक वहिनी आतापर्यंत तीन वेळा इंग्लंडला जाऊन आल्या. लेकीची दोन बाळंतपणे केली आणि तिसऱ्या खेपेस नातवंडे सांभाळली. पहिल्यांदा निघाल्या तेव्हा त्यांना पोहोचवायला दोन गाड्या भरून माणसे विमानतळावर गेली होती. तिसऱ्यांदा त्या भाड्याच्या गाडीने एकट्याच गेल्या आणि एकट्याच परतल्या. परत आल्यावर आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, शेजारच्या सीटवरच्या बाईंनी पॉइंटांवर तिकीट काढलं म्हणे. मीही तीनदा गेले-आले. माझे पॉइंट कुठं गेले?"

आम्ही त्यांचा सदस्य क्रमांक विचारला. तो नव्हताच. तिन्ही वेळची तिकिटे लेकीने तिकडून काढली होती आणि फॉर्ममधला 'फ्रिक्वेंट फ्लायर नंबर' हा रकाना तिन्ही वेळा कोरा सोडला होता. आपल्या बहुतेक घरांतून हेच होते. आपण काही वारंवार विमानाने फिरणारे नव्हेत, मग तो रकाना आपल्यासाठी नाही, अशी समजूत असते. प्रत्यक्षात सदस्य होण्यास सहसा पैसे पडत नाहीत आणि वर्षातून एकदा जाणाऱ्यालाही सदस्य होता येते.

ही पद्धत अमेरिकेतली. तिथे १९७८ साली विमान कंपन्यांवरची सरकारी बंधने उठली, गिऱ्हाईक टिकवण्याची चढाओढ लागली आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना सुरू केली. आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात आली. एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' ही योजना आता 'महाराजा क्लब' झाली आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंटही तिकडेच गेले. इंडिगोने मात्र अनेक वर्षे अशी योजना ठेवलीच नव्हती; तिने २०२४ मध्ये 'ब्लूचिप' आणली.

आम्हाला राहून राहून वाटते, हा हिशेब मध्य रेल्वेने केला असता तर? कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. जाऊन येऊन १०८. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३२,४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-लंडन दोनदा जाऊन येऊन वर थोडे उरतेच. तीस वर्षे दारात लटकून नोकरी केलेल्या आमच्या पिढीला त्याबद्दल मिळाली ती पाठदुखी. असो.

नंबर घालायचा कसा, ते सांगतो. तिकीट काढतानाच घालणे सर्वांत उत्तम. डोंबिवली-ठाण्याच्या एजंटाकडून तिकीट काढत असाल तर पासपोर्टच्या प्रतीबरोबर नंबरही लिहून द्या, तो त्याच्या यंत्रातून घालू शकतो. तेव्हा राहिला तर कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून आपले बुकिंग उघडावे व तिथे भरावा. वेब चेक-इन करताना पुन्हा संधी असते, आणि शेवटी विमानतळावरच्या काउंटरवर तोंडी सांगितले तरी चालते. दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळावरून तिकीट काढले असेल तर तिथे भरलेला नंबर कधीकधी कंपनीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून बोर्डिंग पास हाती आला की त्यावर नंबर छापला आहे का, हे पाहावे.

ज्या कंपनीचे विमान, तिचेच सदस्यत्व हवे असेही नाही. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात आहे. त्यामुळे लुफ्थान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या तिकिटावरही एअर इंडियाचा नंबर घालता येतो. मात्र एका प्रवासाला एकच नंबर. दोन्हीकडून पॉइंट मिळत नाहीत. काही अगदी स्वस्त तिकिटांवर पॉइंट अजिबात मिळत नाहीत, हेही आधी पाहून घ्यावे.

खरी अडचण नावाची असते, आणि ती आपल्याच लोकांना जास्त येते. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे वा पतीचे नाव असते; सदस्यत्वाचा फॉर्म मुले घाईत भरतात आणि मधले नाव गाळतात. कुणाचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. काही घरांत तर वडील जुन्या आडनावावर आणि मुले राजपत्रात बदललेल्या आडनावावर. शाळेच्या दाखल्यापासून हे आपल्या पाठीशी लागलेले आहेच. तिकीट, पासपोर्ट आणि सदस्यत्व या तिन्ही ठिकाणी नाव एकच हवे. एका अक्षराचाही फरक ठेवू नये. नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत आणि नवा पासपोर्ट देऊन कंपनीकडे आधीच दुरुस्ती करून घ्यावी. आणि सुनेच्या नंबरावर सासूचे पॉइंट जमा होत नाहीत. ज्याचा प्रवास, त्याचाच नंबर. दोन वर्षांखालील, मांडीवर बसणाऱ्या बाळाला मात्र सहसा पॉइंट नसतात.

प्रवास होऊन गेला असेल तरी आशा सोडू नये. बहुतेक कंपन्या काही महिन्यांच्या आत मागाहून अर्ज स्वीकारतात. तिकिटाचा क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो. मुदत कंपनीगणिक वेगळी, आणि काही कंपन्या सदस्य होण्याआधीचा प्रवास धरतच नाहीत.

एक सावधगिरीचा शब्द. पॉइंटांच्या लोभाने महाग तिकीट घेऊ नका. पॉइंटांवर 'फुकट' मिळणाऱ्या तिकिटावरही कर आणि इतर आकार भरावेच लागतात. पॉइंटांना मुदत असते, आणि कंपनीला तर त्याहून. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा पॉइंट जपून ठेवणाऱ्यांच्या जिवाला केवढा घोर लागला होता!

वहिनींचे सदस्यत्व आम्ही त्यांच्या जेवणघरातल्या टेबलावर बसून भरले. पासपोर्ट समोर ठेवून, एकेक अक्षर त्यांनी बोट ठेवून वाचले आणि आम्ही टाइप केले. पहिल्या दोन प्रवासांची मुदत केव्हाच उलटली होती. तिसऱ्याचे बोर्डिंग पास त्यांनी नातवाच्या फोटोंच्या पाकिटात ठेवले होते, म्हणून अर्ज तरी करता आला. जातानाच्या प्रवासाचे पॉइंट जमा झाले. परतीच्या तिकिटावर लेकीने त्यांचे नाव लिहिताना एक 'ए' जास्त घातला होता. तो अर्ज परत आला आहे. आता लेक तिकडून पत्रव्यवहार करते आहे. वहिनींनी नंबर मात्र कॅलेंडरच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.