मंडईतला माइक

लाखनी तालुक्यातलं एक गाव. भाऊबीज होऊन गेलीये आणि आज इथली मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आहे. शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीची कढई, पाळण्याची करकर यांतून वाट काढत मी मांडवाशी पोचतो. जागा ग्रामपंचायतीची, मांडव, माइक आणि शाहिराची बिदागी मंडई समितीची. वर एका पुढाऱ्याचा फोटो, कारण सगळ्यात मोठी देणगी त्यांची.

खडी गंमत हे लोकनाट्य रंगात आलंय. ढोलकीवाल्यापासून टाळवाल्यापर्यंत सगळे उभेच. लुगडं नेसलेला नाच्या पाटल्यांसाठी रुसलाय.

"धानाले सरकारी भाव हाये म्हनते, मंग पाटल्या कायले नाही?"

"भाव कागदावर आला वो! चुकारे गेल्या उन्हारीचेच अडून हायेत."

"कोनाकडे?"

"वरतं फोटो टांगला हाये, त्याइलेच पूस!"

हशा उसळतो आणि माइक बंद पडतो. छातीवर बिल्ला लावलेला कार्यकर्ता वायर हातात घेऊन उभा. "शाहीर, राजकारन नोको. कार्यक्रम समितीचा हाये."

"जागा तं गावाची हाये ना जी?" एक म्हातारा विचारतो. उत्तर कोणी देत नाही.

कार्यकर्त्याचंही अगदीच चूक नाही. देणगी आटली तर पुढची मंडई बारीक होईल. बंदोबस्ताचा शिपाई फुटाणे खातोय. बोलण्याच्या हक्काचं घटनेचं कलम १९ मुख्यतः सरकारचा हात धरतं, आणि इथे सरकारचा हात पुडीत आहे! हा हक्क सरकारबाहेरच्यांविरुद्धही बजावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने म्हटलंय खरं. पण एका विनोदापायी नागपूरच्या खंडपीठापर्यंत कोण जाणार?

शाहीर वायरीकडे बघतसुद्धा नाही. ढोलकी कडाडते, माणसं पुढे सरकून कडं आवळतात. मागे भिंतीशी बसलेल्या बाया विचारतात, "काय म्हनते वो?" विनोद तोंडातोंडी मागे जातो आणि हशा दुसऱ्यांदा उठतो, उशिरा, पण पहिल्यापेक्षा मोठा.

एकजण दहाची नोट पुढे करतो. बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारायची रीत आहे. शाहीर कान पुढे करतो. नोट देणारा नकारार्थी मान हलवतो.

"चुकाऱ्याची वाट पाहनाऱ्या भावाकडून धा रुपये!" शाहीर गरजतो.

लगेच दुसरी नोट येते, मग तिसरी.

"नाव काय जी?"

"तेच सांग!"