कर्नाळ्याचा अंगठा

"मामा, ज्वालामुखी पाहायला अंदमानलाच जावं लागतं का हो?"

हा प्रश्न माझ्या भाचीचा. वय वर्षे बारा, आणि शाळेत नुकताच भूगोलाचा धडा झालेला. अंदमानातले बॅरन बेट तेवढे भारतातले जिवंत ज्वालामुखी, हे तिला गुरुजींनी सांगितले होते. मी मात्र फुशारकीने म्हणालो, "छे! आपण ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावरच राहतो. चल, दाखवतो."

हे बोलून बसलो तेव्हा माझा उजवा गुडघा तीन आठवडे कुरकुरत होता. ही गोष्ट मी बहिणीपासून लपवून ठेवली. रविवारी पहाटे गुडघ्यावर बाम खसाखसा चोळला, वर पट्टी बांधली आणि भाचीला घेऊन पनवेलची लोकल पकडली.

पनवेलहून एस.टी.ने गोव्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके इथे १८४५ साली जन्मले. त्यापुढे थोड्याच वेळात झाडीवर कर्नाळ्याचा तो प्रसिद्ध सुळका दिसू लागतो, कुणी अंगठा उभारून दाखवावा तसा.

अभयारण्याच्या फाटकाशी वनरक्षकाने बजावले, "सुळक्यावर आग्यामोहळं आहेत. धूर करू नका, ओरडू नका. अत्तरबित्तर लावलं नाही ना?"

"छे छे," मी म्हणालो. बाम म्हणजे काही अत्तर नव्हे!

चढ दाट झाडीतून आहे. सावली आहे म्हणून सोपा वाटतो, पण मुळांच्या आणि सुट्या दगडांच्या वाटेने पहिल्या तासातच माझा घाम काढला. भृंगराज आपली लांब शेपटी मिरवीत पुढून गेला. भाची त्याच्या मागे निघाली आणि मी दम खाण्यासाठी भूगोल सांगू लागलो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब फाटली. शंकूसारखा एकच डोंगर धुमसत होता असे नव्हे; भेगांतून लाव्हा पाझरला, पसरला, थंड झाला, पुन्हा त्यावर दुसरा थर. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते म्हणूनच. पुढे पावसापाण्याने भोवतालचा खडक झिजला आणि हा कठीण बेसाल्टचा खुंट उभा राहिला.

"म्हणजे सगळी आग विझली?"

"केव्हाच!"

गडाच्या दरवाजाशी पोचलो आणि मान वर केली. सुमारे सव्वाशे फुटांचा तो काळा दगड, आणि त्याच्या कपारींना लोंबणारी काळी पोळी. तेवढ्यात एक माशी माझ्या गुडघ्याभोवती घिरट्या घालू लागली. मग दुसरी. बामाच्या वासाने आली की नुसती फिरत आली, देव जाणे! पण माझ्या पोटात गोळा आला. स्वतःचे एक वेळ राहो, दुसऱ्याची पोर बरोबर होती.

"इथून पुढं जायचं नाही," मी हळूच म्हणालो आणि बामाची सारी हकीकत सांगून टाकली.

तिने क्षणभर माझ्याकडे असे पाहिले की तिच्या आईचीच आठवण झाली. मग निमूटपणे मला वीस-पंचवीस पावले मागे, झाडीत नेले, पट्टी सोडली, रुमाल भिजवला आणि गुडघा चोळचोळून धुतला. आमच्या दोन बाटल्यांतली भरलेली एवढीच उरली होती, तीही संपली. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी तिला दाखवायची होती, ती राहिलीच. दुरून प्रबळगड तेवढा दाखवला.

उतरताना बाम नाही, पट्टी ओली, घशाला कोरड. प्रत्येक पायरीला गुडघा किंचाळत होता. पोर पुढे उतरून सुटा दगड पायाने चाचपी आणि म्हणे, "इथं ठेवा, मामा." तीन-चार ठिकाणी तर मी लहान मुलासारखा बसून घसरत उतरलो. फाटकाशी पोचलो तेव्हा वनरक्षकाने काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात पुढे केला. पण आधी तिला दिला.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीची एकच जागा मिळाली. एरवी त्या जागेसाठी भांडणारी माझी भाची म्हणाली, "तुम्ही बसा. आणि आईला बामाचं मी सांगणार नाही. गुडघ्याचं मात्र तुम्ही सांगायचं."